साडीच्या खोक्यावरचा खेळ
साडीचं नवं खोकं उघडलं की पुठ्ठ्याच्या वासासरशी मला डिंडोलीतल्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. नातीनं असल्याच खोक्यावर स्वतःच्या डोक्यानं खेळ आखला होता. बटणांच्या सोंगट्या, कागदी लेसचे तुकडे, आणि जिच्या चित्रातल्या साडीला आधी लेस पूर्ण लागेल ती जिंकली. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात दाखवायचा होता, पण खेळून बघताना मला आणि शेजारणीला जांभया येत होत्या आणि पोरीचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "माझी लेस संपली बाई!" मी आपली सवयीनं माझ्यातली तिला दिली. घरी साड्यांना लेस लावणाऱ्या आम्ही बायका, माल द्यायच्या दिवशी असंच करतो ना! नात ओरडली, "आजी, ही चीटिंग आहे!" एवढ्यात शेजारीण जिंकलीसुद्धा. मग चटई झटकली, तर शेजारीण बसली होती तिथून लेसचे दोन तुकडे पडले! "अगं लबाडे!" म्हणत मी हसले, पण नातीचे डोळे चमकले. "पुन्हा खेळू या, आता मागायचं आणि लपवायचंही!" तो डाव चहा पार गार होईपर्यंत रंगला. आज त्या खेळाच्या खोक्याच्या झाकणावर पहिला नियमच आहे, 'अडलेलीला लेस देता येते.' शेजारीण अजूनही खेळायला येते, अजूनही लेस मागते, आणि मी आधी तिला चटईवरून उठवते, मगच देते.