पदराचा बोळा

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी ग्वाल्हेरहून झाशीला आले होते. दवाखान्यात माझ्या खाटेभोवती आई, मावशी, काकू असा सगळा गोतावळा. शेजारच्या खाटेवर ती एकटी. छत्तीसगडहून नवऱ्याबरोबर रेल्वेच्या रुळांच्या कामावर आलेली, माझ्यासारखीच पहिलटकरीण. नवऱ्याला फाटकाबाहेरच थांबवलं होतं. कळ आली की ती पदराचा बोळा दातांत धरायची आणि खाटेची लोखंडी दांडी आवळायची. तोंडातून आवाज म्हणून नाही.

मी मात्र सदर बाजारापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडत होते. दर वेळी आई नर्सला हाताला धरून आणायची. जाता जाता नर्स शेजारच्या खाटेकडे लांबूनच बघायची. "ये तो चुप पड़ी है, अभी बहुत टाइम है."

माझी मुलगी रडली, तेव्हा कुठे नर्स शेजारच्या मजुरणीकडे वळली. तिचं बाळ रडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं तिला अळिवाची खीर दिली आणि विचारलं, "बेटी, आवाज क्यों नहीं दी?"

हातातलं काचेचं कांकण फिरवत ती म्हणाली, "किसको देती, अम्मा?"

पुढच्या खेपेलाही मी त्याच वॉर्डात होते. पलीकडे एक पोर कळांनी किंचाळत होती आणि तीच नर्स तिला दटावत होती, "यहीं एक मजदूरिन थी, चूँ तक नहीं की उसने. कुछ सीखो उससे!"

बाळाचं नावही काढलं नाही तिनं.

मी खाटेवर उठून बसले आणि त्या पोरीला म्हटलं, "चिल्ला, बहन. और जोर से चिल्ला."