राणीच्या सामानातला काळा पोशाख

इकडे ये, जरा माझ्याजवळ सरकून बस, असंच म्हणणार होते. पण बसशील कशी, तू येतच नाहीस. चार महिने झाले. मेडनहेडहून साउथहॅम्प्टन म्हणजे काही परमुलूख नाही. रेडिंगला एकदा गाडी बदलली की झालं. 'मावशी, वर्कलोड फार आहे गं' असा मेसेज टाकतेस आणि पुढे जोडलेले दोन हात. असे हात लोक कुणी गेलं की पाठवतात, एवढं तरी लक्षात ठेवत जा.

बरं, रागवत नाही. फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहिते. शाळा माझी मॅट्रिकला सुटली, पुढचं सगळं लायब्ररीत आणि टीव्हीसमोर शिकले. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस.

तू माझ्यावर का रुसलीस ते मला ठाऊक आहे. त्या पांढऱ्या साडीवरून. पण त्या साडीमागे इथली राणी आहे, हे तुला कधी सांगितलंच नाही.

माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, गेले तेव्हा आम्ही कार्डिफला होतो. तुझे काका तिथल्या हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर. मला लग्न करून येऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. निरोप आला आणि मी जमिनीवर बसले ती उठेचना. बॅग ह्यांनी भरली. बायको माहेरी चालली म्हणून त्या भल्या माणसाने निवडून निवडून जरीच्या साड्या भरल्या. पुण्याला पोचले ती डाळिंबी साडी नेसून. बायका ओटीवर बसल्या होत्या. माझी आत्या म्हणाली, "ही काय लग्नाला आलीय?" तुझ्या आईने, ती तेव्हा कॉलेजात होती, मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि स्वतःची पांढरी वायलची साडी दिली. तीच ही साडी.

परत आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना हे सगळं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चहा ओतला आणि म्हणाल्या, अगं, राणीचंही असंच झालं की. तरुणपणी ती आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलेली, नवरा बरोबर, आणि इकडे बाप गेला. गेली ती मुलगी म्हणून आणि आली ती राणी होऊन. लंडनला विमान उतरलं पण अंगावर घालायला काळं काही नव्हतं, म्हणून काळा पोशाख आत नेईपर्यंत ती खाली उतरली नाही, असं सांगतात. त्या दिवसापासून बाई कुठल्याही देशाला जावो, सामानात एक काळा पोशाख असतोच. कुणाला दिसत नाही, पण असतो.

ते ऐकल्यापासून राणीचे परदेश दौरे मला कधी सुखाने बघवले नाहीत. लोकांना तिची पिवळी हॅट दिसायची, बँड दिसायचा, हार घातलेली लहान मुलं दिसायची. मला दिसायची ती काळ्या पोशाखाची पेटी. आत्ता ती कुठल्या खोलीत असेल? तो पोशाख दर वेळी इस्त्री करत असतील का? आयर्लंडला गेली तेव्हा हिरवा कोट घालून कशी हसत उतरली. रस्ते सगळे बंद, पोलीसच पोलीस. मी सोफ्याच्या कडेला बसून ती सुखरूप घरी येईपर्यंत बातम्या बघत होते. हे म्हणायचे, "तुला कुणी पगार देतं का तिची काळजी करायचा?"

मग मीही सुरू केलं. इंडियाला जाताना पहिल्यांदा राणीसारखी काळीच साडी भरली. माझ्याकडे काळी एकच, संक्रांतीची चंद्रकळा, चांदण्यांची. ह्यांनी बॅग बंद करता करता पाहिलं आणि म्हणाले, "मे महिन्यात तिळगूळ वाटणार आहेस?" तेव्हा डोक्यात उजेड पडला की आपलं काळं तर सणाचं. म्हणून तुझ्या आईची ती पांढरी वायल घेतली. ती तळाशी, टॉवेलखाली. पुढे प्रत्येक वेळी. आणि खरं सांगू, ती बॅगेत असताना कधीच काही झालं नाही. छत्री घेतली की पाऊस येत नाही ना, तसं. माझ्या मनाने ते पक्कं धरलं.

आता यंदाचं. तुझ्या दादाचा फोन आला, आईला आयसीयूत ठेवलंय. तू तिकिटं काढलीस, मी ट्रेनने तुझ्याकडे आले. तुझी आई माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. धाकट्याने आधी जाऊ नये, एवढंच मी ट्रेनमध्ये म्हणत होते. तुझ्या हॉलमध्ये तू माझी बॅग त्या लटकवायच्या काट्यावर धरलीस, दोन किलो जास्त भरली. तू चेन उघडलीस. टॉवेल काढलास.

"मावशी, हे काय आहे?"

"साडी."

"कसली साडी?"

तू लहानपणापासून हुशार, तुला सांगावं लागलं नाही.

"आईला भेटायला चाललोय आपण. आणि तू ही घेऊन चाललीस? वास्तू तथास्तु म्हणते, वाईट बोलू नये, हे मला कुणी शिकवलं? तूच ना?"

"मी बोलले कुठे? नुसती भरली."

"भरली म्हणजे तू ठरवूनच टाकलंस."

"तू कंपनीत बॅकअप घेतेस तो काय कॉम्प्युटर बंद पडावा म्हणून घेतेस?" मी म्हटलं. चुकलंच माझं. ती वेळ तोंड चालवायची नव्हती.

तू साडी कपाटाच्या वर, मला हात पुरणार नाही अशा जागी ठेवलीस. आपण तिच्याशिवाय निघालो.

नऊ तास विमानात तू माझ्या शेजारी होतीस आणि आपण 'पाणी हवं का' यापलीकडे बोललो नाही. तुला वाटलं मी रागावले. रागावले नव्हते गं, भ्यायले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बॅगेत ती नव्हती. जेवणाचा ट्रे तसाच परत दिला. मनात एकच, की आता व्हायचं ते होणार आणि मी पुन्हा नको त्या साडीत दारात उभी राहणार.

मुंबईला उतरून तू फोन लावलास तर दादा म्हणाला, "हॉस्पिटलला नको, सरळ घरीच या," आणि फोन कट झाला. पुन्हा लागला नाही. घरीच का? हे तू मला विचारलं नाहीस, मी तुला विचारलं नाही. घाट चढताना तू माझा हात धरलास तो पुण्यापर्यंत सोडला नाहीस. तुझी बोटं गार होती.

आणि मग जिना चढून वर गेलो तर दाराबाहेर चपला. पंधरा-वीस जोड, बायकांच्या, पुरुषांच्या, एकमेकींवर चढलेल्या. दार उघडं. आपल्यात अशा चपला कधी असतात ते तुलाही माहीत आहे. मी कठडा धरला. तू चपलांवर पाय देत आत धावलीस.

आत तुझी आई पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि कुणीतरी तिला मऊ भात भरवत होतं. सकाळीच घरी सोडलेलं. अख्खी सोसायटी बघायला जमली होती आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. तिने आपल्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "चेहरे काय असे? कोण गेलं?"

सगळे हसले. तू न्हाणीघरात जाऊन रडलीस, नळ सोडून. मला ऐकू आलं.

इथपर्यंत ठीक होतं. परत निघताना टॅक्सीत तू म्हणालीस, "बघ मावशी, साडी नव्हती म्हणून आई वाचली." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या वेळी वाचली."

ते 'या वेळी'. दोन शब्द. तू खिडकीकडे तोंड फिरवलंस आणि हीथ्रोला मला ट्रेनमध्ये बसवून दिलंस ती पुन्हा आली नाहीस.

मी तुझ्या आईचं वाईट चिंतलं नाही. मला भीती वाटते, आणि ती मी घडी करून तळाशी ठेवते, म्हणजे वरच्या साड्या नेसता येतात. राणी आपली हसत हात हलवत असायची. मला तशी नीट लपवता येत नाही, बोलून जाते.

म्हातारपणी राणीने परदेशी जाणं बंद केलं, मुलाला पाठवायला लागली. आता माझ्याही डॉक्टरने सांगितलंय, हे पाय आणि हे हृदय घेऊन विमान नको. म्हणजे आता मी बॅग भरणारच नाही. तुझी आई रोज सकाळी दहाला फोन करते, कधी मेथीच्या लाडवाचं विचारते, कधी सुनेची तक्रार सांगते, आणि रोज फोन वाजला की उचलण्याआधी मी घड्याळ बघते. एखाद्या दिवशी तो फोन तिचा नसेल. किंवा तिला फोन जाईल तो माझ्याबद्दलचा असेल. तेव्हा आपल्या दोघींत हा अबोला असू नये, एवढीच आता धास्ती आहे. बाकी भीतीशी माझी जुनी ओळख आहे.

साडी आणू नकोस. तुझ्या कपाटावर राहू दे, नाहीतर फाडून पुसायला घे, मी विचारणार नाही. तू ये. या शनिवारी ये, नाहीतर पुढच्या. दुपारची गाडी घे म्हणजे उजेडात पोचशील. दहाच्या फोनला माझ्याबरोबर रविवारी बस, आईशी आपण दोघी मिळून बोलू. लवकर ये गं.