आईचा गजरा आणि काचेतली फुलपाखरं

आमच्या हाटकेशहून रिक्षा करून फुलपाखरांच्या त्या काचेच्या बागेत जायचं, हे खूळ माझंच. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडत नव्हती. "किडे बघायला तिकीट?" म्हणून कुरकुरली, पण आली.

दोन दरवाजे ओलांडले की आत दमट उकाडा, मोठाल्या पानांची परदेशी झाडं, ताटल्यांत केळ्याचे काप आणि त्यांवर तळहाताएवढी फुलपाखरं. पंख मिटले की सुक्या पानासारखी मळकट, उघडले की निळीशार. आई ओंजळ पुढे करून चक्क दहा मिनिटं हलली नाही. आजूबाजूच्या सगळ्यांच्या खांद्यांवर, डोक्यांवर फुलपाखरं येऊन बसत होती. आईकडे एकही फिरकलं नाही. मला त्या मुक्या जिवांचा राग आला, वेडेपणाच तो.

तिथली देखरेख करणारी बाई म्हणाली, "आंटी, लाल-पीला पहनके आने का. नहीं तो बालों में फूल लगाने का, फिर देखो कैसे आती हैं."

आईने फिक्या राखाडी साडीचा पदर सावरला. चाळीस वर्षं तिने रोज अबोलीचा गजरा माळला. रत्नागिरीहून आणलेलं रोप आमच्या गॅलरीत अजून फुलतं. ती पाणी घालते, फुलांना हात लावत नाही. बाबांना न्यायच्या आधी नात्यातल्या बायका तिचं कुंकू पुसायला, गजरा काढायला पुढे सरसावल्या होत्या. त्यांना ठणकावून गप्प करायचं सोडून मी म्हटलं, थांबा, मी काढते. त्यांनी ओरबाडण्यापेक्षा लेकीच्या हाताने हळूच निघेल. केवढी शहाणी मी! त्याची लाज अजून जात नाही.

आता मी माझी लाल ओढणी तिच्या खांद्यावर टाकली. "बस झालं, आई. उद्यापासून गजरा माळ. कोण काय बोलतंय ते मी बघते."

तिने ओढणीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

बाहेर पडताना त्या बाईने आमच्या पाठी तपासल्या. कपड्यांना चिकटून फुलपाखरं बाहेर जातात म्हणे. "आंटी के ऊपर कुछ नहीं है, जाओ."

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "त्या बायकांनी काढला असता ना, तर महिन्याभरात मी परत माळला असता. त्यांना कोण विचारतंय? पण तू काढलास गं."