राहीचा एकुलता फोटो

शेणवे गावाच्या आसपास कुणी वारलं की एक माणूस मयताचं सामान आणायला दुकानात धावे आणि दुसरा फोटोवाल्या वाळूला बोलवायला. जिवंतपणी फोटो काढून घ्यायची इथे कुणाला सवड नसे. माणूस गेल्यावर मात्र भिंतीवर लावायला तोंड हवं. मग मयताला खुर्चीत बसवायचं, मागे नवी साडी ताणून धरायची, टोपी नाहीतर पदर सारखा करायचा आणि वाळूने फोटो काढायचा. लग्नं, बारशी, शाळेचे फोटो तो करीच, पण लोक त्याला ओळखत ते मयताच्या फोटोंवरून. त्याला ते काम आवडायचं असं नाही. पण नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

नव्वद-एक्क्याण्णव साली तो मुरबाडच्या एका स्टुडिओत फोटोचं काम शिकला. तिथल्या वजनदार रीळवाल्या कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला की थेट भिंगातूनच दिसे. भिंगाची टोपी काढायची राहिली तर समोर काळोख, म्हणजे चूक जागच्या जागी कळायची. डोळ्याला दिसलं ते कागदावर येणारच, असं वाळू कुणालाही छातीठोकपणे सांगे. पंधरा वर्षं ते खरंही ठरलं.

मग रीळं मिळेनाशी झाली. मुरबाडच्या लॅबवाल्याने तर रीळ धुणंच बंद केलं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात वाळूने कल्याणला जाऊन आपला तसलाच रीळवाला कॅमेरा देऊन टाकला आणि हातात मावेल एवढा डिजिटल आणला. चालू केला की भिंग आपोआप बाहेर यायचं, बंद केला की आत जाऊन त्यावर बारीक पडदी मिटायची. मागे चित्र दिसणारा पडदा, वर नावापुरती काचेची खिडकी. गावाला कौतुक वाटलं, वाळूलाही वाटलं. नव्याचे नऊ दिवस असतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येतं?

पावसाळ्यात भिंगात आतून वाफ धरली. फोटो धुक्यातले निघू लागले. त्याची बायको चंद्रकला मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवायची, मिठाला पाणी सुटू नये म्हणून. ते बघून वाळूला वाटलं, दाणा मिठातली ओल ओढतो तर भिंगातलीही ओढेल. त्याने कॅमेरा पातळ फडक्यात गुंडाळून घरातल्या भाताच्या कणगीत पुरून ठेवला. वाफ गेली खरी. पण भाताची कुसळं आणि कोंड्याची धूळ फडक्यातून आत शिरली. भिंग घर्र करून अर्धं बाहेर यायचं आणि अडायचं. वाळूने ते फुंकलं, मांडीवर हळूच आपटलं, कागदाची पट्टी कडेने फिरवली, तेव्हा ते चालू लागलं. भातलावणी झाली की दुरुस्तीला कल्याणला जाऊ, असं म्हणत तो दिवस ढकलत गेला. आपल्याकडे चालतंय तोवर चालवायचं, हीच रीत.

श्रावणात गावातल्या बारकीची लेक राही वारली. सहा वर्षांची पोर. ताप डोक्यात चढला म्हणून जीपने शहापूरला नेली आणि त्याच जीपने परत आणली. बारकीचा नवरा आधीच वारलेला, दुसरं लेकरू नाही. निरोप आला तसा वाळू कॅमेरा घेऊन निघाला.

बारकी ओटीवर बसली होती, राही मांडीवर. केस विंचरून नवा फ्रॉक घातला होता. बारकी रडत नव्हती. वाळू समोर आला तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, हिचा तोंड नीट येव दे. माज्याकडं हिचा एक पन फोटू नाय."

वाळूने बटण दाबलं. घर्र झालं, भिंग अर्ध्यावर अडलं, मागचा पडदाही विझला. त्याने बॅटऱ्या बदलल्या. फुंकलं. मांडीवर आपटलं. कागदाची पट्टी पुन्हा पुन्हा कडेने फिरवली. आभाळ भरून आलं होतं. पुरायला न्यायचं म्हणून पुरुष मंडळी अंगणात खोळंबली होती. त्यांतले म्हातारे गोजरमामा दोनदा खाकरले आणि मग, पाऊस आला तर खड्डा भरेल रे, असं हळूच बोलले. वाळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी भिंग कसंबसं पुढे आलं. पडदा काळाच होता. म्हणून सवयीने त्याने वरच्या खिडकीला डोळा लावला. आत राही दिसली, अगदी लख्ख. मिटलेले डोळे, कपाळावरचं कुंकू, थोडीशी उघडी जिवणी. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने तीन वेळा बटण दाबलं, तिन्ही वेळा उजेड चमकला. मग गोजरमामांनी पोर उचलली.

दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या लॅबवाल्याने फोटो कॉम्प्युटरवर लावले. भिंगावरची पडदी अर्धीच उघडली होती. तिन्ही फोटोंत निम्मा भाग काळाठिक्कर. उरलेल्या निम्म्यात बारकीचं कोपर, फ्रॉकची झालर आणि राहीची दोन पावलं. नव्या कॅमेऱ्याची खिडकी भिंगातून बघतच नाही, तिची काच वेगळी, हे लॅबवाल्याने त्याला समजावून सांगितलं. वाळूला ते कळलं, आणि कळून काहीच उपयोग नव्हता. तो एसटी स्टँडवर बसून राहिला. दोन गाड्या त्याने जाऊ दिल्या.

खोटं सांगायचं, कॅमेरा हरवला म्हणायचं, असं त्याने वाटेत ठरवलंही होतं. पण बारकी दारातच उभी होती. त्याने छापून आणलेला फोटो तिच्या हातात दिला.

तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग काळ्या भागावर बोट ठेवून विचारलं, "हितं तिचा तोंड हाय ना?"

वाळूने मान हलवली.

"तू पायलंस ना, दादा? खिडकीतून?"

"पायलं गो."

"मंग सांग," बारकी म्हणाली आणि फोटो पुढे धरून त्याच्यासमोर खाली बसली. "कशी दिसत व्हती ती सांग."