कोटात शिवलेल्या नोटा

जपानी नोटांच्या त्या चोरीचा विषय माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. मी मूळचा निपाणीकडचा, त्यामुळे मराठी फिर्यादी आला की हवालदार त्याला थेट माझ्यापुढे बसवायचा.

असेच एक वयस्कर शिंपी आले. त्यांचे वडील रंगूनला शिवणकाम करायचे. युद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि आपल्या छापाचे रुपये चालवले. वडिलांना मजुरी त्यातच मिळाली. जपान हरला, नोटांची रद्दी झाली, तरी वडिलांनी त्या घरी आणल्या. त्यावरून मुलाला असल्या नोटा जमवण्याचा नाद लागला. आता नेमका वडिलांच्या नोटांचा अल्बम चोरीला गेला होता.

"अप्पांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं, साहेब," ते म्हणाले. फिर्यादीत त्यांनी वर्णन दिले, 'नोटा निर्दोष.'

मला खबर दिली जुनी नाणी विकणाऱ्या एका दुकानदाराने. नोटा विकायला आलेला गृहस्थ म्हणजे शिंप्यांकडे दर रविवारी चहाला येणारा, त्यांच्याच नादाचा मित्र. चौकशीत तो जराही डगमगला नाही.

"या नोटांवर नंबर नसतो, नुसती अक्षरं असतात. माझ्या नाहीत हे तुम्ही कसं ठरवणार?"

पुरावा मिळाला नाही तर नोटा त्याच्याच हाती जाणार होत्या. निव्वळ कुतूहल म्हणून मी एक नोट खिडकीशी धरली. कडेला बारीक भोकांची रांग दिसली. तीन भोके जवळजवळ, मग अंतर, पुन्हा तीन जवळजवळ. सगळ्या नोटांवर तेच.

"बँकेच्या टाचण्या," तो म्हणाला. इतकी टापटिपीची बँक मी तरी पाहिली नव्हती.

शिंप्यांना बोलावून विचारले. त्यांनी मान खाली घातली.

"भोकाच्या नोटेला आमच्यात कोणी विचारत नाही. म्हणून लिहिलं नाही. स्वल्प थांबा, घरी जाऊन येतो." 'जरा'ला ते कानडी 'स्वल्प' म्हणत.

ते एक काळा कोट घेऊन आले. वडिलांनी नोटा त्याच्या अस्तरात शिवून आणल्या होत्या. शिंप्यांनी पुढे त्या सोडवल्या, पण एक तशीच ठेवली होती. अप्पांची शिवण पुरती मोडायला त्यांचा हात धजला नव्हता. टाके दोन आखूड, एक लांब. ही अप्पांची खोड.

भोके जुळवून पंचनामा करायचा तर ती नोटही सोडवावी लागणार होती. हे सांगताना मला वाईट वाटले. त्यांनी शिवणीवरून एकदा बोट फिरवले. मग कात्री मागून घेतली आणि पंचांसमोर स्वतःच शिवण उसवली. भोकावर भोक बसले. मित्राने प्यायला पाणी मागितले, आणि मी जबाबाचा कागद पुढे ओढला.

तेव्हापासून फिर्यादीला मी आधी वस्तूतली खोट विचारू लागलो. चांगले तेवढे सगळेच सांगतात, पण आपली वस्तू ओळखू येते ती तिच्यातल्या खोटीवरून.

कोर्टाने नोटा परत दिल्यावर मी त्यांच्या दुकानात डोकावलो. कोट मांडीवर घेऊन ते ती एक नोट पुन्हा अस्तरात शिवत होते. टाके दोन आखूड, एक लांब.