आत्याने निवडलेली शस्त्रक्रिया

योनिमुखाचा कर्करोग असल्याचं कळल्यापासून माझी आत्या एकच प्रश्न विचारत होती: पुन्हा बाजारात बसता येईल का? डोंबिवलीत ती चाळीस वर्षं मासे विकते. एका पायाखाली मोरळी, म्हणजे विळी, दाबून, दुसरा गुडघा वर घेऊन, जमिनीवर बसून कापते. घरात त्या अवयवाचं नाव कुणी घेत नसे. ‘तिकडचं दुखणं’ म्हणत.

ठाण्यातल्या रुग्णालयात शल्यचिकित्सक बाईंनी कागदावर आकृती काढली. गाठीबरोबर योनीच्या ओठांचा बराचसा भाग आणि गुदद्वारापर्यंतची त्वचा जाणार होती. ती जागा भरायचे दोन मार्ग होते. मांडीवरची पातळ त्वचा काढून लावायची. शस्त्रक्रिया सोपी, पण ती त्वचा पुढे आक्रसते. किंवा नितंबाखालच्या घडीतली त्वचा, चरबी आणि रक्तवाहिन्यांसकट, वळवून आणायची. ती मऊ राहते. रक्त पोहोचलं नाही तर मरते.

आत्याचा मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. “सोपं असेल ते करा, डॉक्टर. ती आता थोडीच बाजारात बसणार आहे?”

“मग तू बसशील? बोंबलाचं तोंड कुठं नि शेपूट कुठं, ठावं हाय का तुला?” आत्या म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. “बाय, मी बसते कशी, तं बघ आधी.”

ती खुर्चीवरून उतरली आणि फरशीवर बसली. कळ आली तसे दात आवळले, उठली नाही. डॉक्टर टेबलाला वळसा घालून आल्या, तिच्यासमोर वाकल्या. त्वचा कुठे ताणली जाते ते त्यांनी पाहिलं.

“पातळ त्वचा इथे टिकणार नाही. दुसरी करू. पण मी सांगेपर्यंत बसायचं नाही. उभं राहायचं, नाहीतर कुशीवर झोपायचं.”

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी पट्टी उघडली. डावीकडची कड काळी पडली होती. डॉक्टरांनी शेजारी बोट दाबून उचललं. पांढरा ठसा उमटला. ठसा हळूहळू गुलाबी झाला.

“कड जाईल. बाकीचं जिवंत आहे.”

“नि बसायचं?”

“पूर्वीइतकं जमेल का, ते आज नाही सांगता येत.”

आत्या कुशीवर वळली. मला म्हणाली, “बाजारात फोन लाव. माझ्या जागेवर कुणाची टोपली ठेवू देऊ नका म्हणावं.”