माझ्या मापाचा गाऊन

डहाणूच्या बाजारात गाऊन मागितला, तेव्हा दुकानदाराने साहजिकच विचारलं, "भाभीची साईज काय?" मी म्हणालो, सगळ्यात मोठी द्या. त्याने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. ती अंगाने अगदीच किरकोळ. "यांना ढगळ होईल ने," तो गुजराती हेलात म्हणाला. "ढगळच पाहिजे," मी म्हणालो. बायको तोंडावर ओढणी धरून हसत होती, कारण गाऊन मला घालायचा होता.

काय काय आणायचं ते आमच्या भागातल्या आशाताईंनी घरी येऊन सांगितलं होतं. पाड्यापाड्यांतून बायकांना कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला नेणं हे त्यांचं नेहमीचं काम. ओट्यावर बसून, चहा घेत त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. "रात्री जेवलात की नंतर काही खायचं नाही, सकाळी चहासुद्धा नाही. बांगड्या-बिंगड्या काढून यायचं. सैल गाऊन आणायचा. आणि सर, सोबत एक बाई लागते."

"ताई, ऑपरेशन माझं आहे," मी म्हणालो.

"हो, मग तुमचंच सांगतेय ना!"

मी तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे आणि आम्ही बोर्डीच्या रस्त्याला राहतो. आम्हाला दोन मुली. दुसरीच्या वेळी बायकोचं बीपी इतकं चढलं की तिला झटके आले. इथून वलसाडला हलवलं, पोट उघडून बाळ काढलं, दोघी वाचल्या. त्याच वेळी तिचं ऑपरेशनही उरकता आलं असतं, पण ती टेबलावर जास्त वेळ राहण्याच्या अवस्थेत नव्हती. निघताना तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, तिसऱ्याचा विचार करू नका, आणि होता होईल तोवर हिच्या पोटाला पुन्हा हात लावायची वेळ आणू नका. घरी आल्यावर मी बायकोला शब्द दिला की आता तुझ्या अंगाला सुरी लागणार नाही, मी करून घेतो. ती म्हणाली, "बघा हं, ऐन वेळी पाय मागे घ्याल." मी नाही घेतला.

आमच्या दोन तालुक्यांत सरकारी दवाखाने बरेच आहेत. त्यातला कुठला ते मी सांगत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, आणि ताप आला की मला जायचं तिथेच आहे. सर्जन बाहेरून येतो, ठरलेल्या वारी. पहिल्यांदा गेलो त्या वारी तो आलाच नाही. आम्हाला मात्र ते दुपारी सांगितलं. तोवर मी उपाशीपोटी, घशाला कोरड पडलेली, व्हरांड्यातल्या बाकावर बसून भिंतीवरचं चित्र बघत होतो. चित्रात आई, बाबा आणि दोन मुलं हसत होती. चित्रातल्या बाबांचा मला भयंकर राग आला.

पुढच्या वेळी सर्जन आले. सोबत एक बाई हवी म्हणून मी आईला नेलं होतं, कारण बायकोला धाकटीकडे थांबणं भाग होतं. आईला हा सगळा प्रकारच पसंत नव्हता. पुरुषाने असलं काही करून घेणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. "उद्या तुला शाळेत मस्टरवर सही करायला तरी ताकद राहील का?" असं ती रस्ताभर विचारत होती. व्हरांड्यात पाड्यांवरच्या बायका चटया टाकून बसल्या होत्या. सिस्टर बाहेर आल्या आणि आमच्यासमोर थांबल्या.

"पेशंट कुठाय?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पलीकडे आईकडे पाहिलं. "आजींचं आहे?"

"माझं?" आई उसळलीच. "अगं बाई, माझं वय काय, तू विचारतेस काय!"

सगळा व्हरांडा हसला. सिस्टरही हसल्या आणि मला म्हणाल्या, "बरं, गाऊन घालून बसा." मी संडासाच्या आडोशाला जाऊन पॅंट काढली, तो निळ्या फुलांचा गाऊन घातला आणि बायकांच्या रांगेत येऊन बसलो. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई रांगेत होती. तिने मला पाहिलं आणि बिचारीने माझी लाज राखायला भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिला म्हणालो, "मुलीला उद्या शाळेत पाठवा, परीक्षा आहे." दुसरं काय बोलणार होतो? गाऊनमधला मास्तर परीक्षेबद्दल बोलतो तेव्हा त्याला कोण घाबरणार, हा भाग वेगळा.

आत गेल्यावर सर्जन माझ्याकडे बघतच राहिले. "हे काय घातलंय? आणि उपाशी का आलात? तुमचं जागेवर भूल देऊन होतं. दहा मिनिटांचं काम. नाश्ता करून यायचं ना!"

"आशाताईंनी सांगितलं तसं केलं," मी म्हणालो.

ते पोट धरून हसले. टेबलावर आडवा झालेला मीही हसलो. खरंच फार त्रास झाला नाही. टाकासुद्धा पडला नाही. बाहेर आल्यावर भुकेने डोकं चालत नव्हतं. आईने डब्यातली थालीपीठं काढली आणि मी ती अधाशासारखी खाल्ली.

सुट्टी द्यायच्या वेळी सिस्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि सूचना दिल्या. पाण्याचे हंडे उचलायचे नाहीत. टाके ओले करायचे नाहीत. पाळी पुढेमागे झाली तर घाबरायचं नाही. ताप आला तर लगेच यायचं. "आणि आता पोरांची चिंता मिटली म्हणून समजा." मी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. "सिस्टर, माझ्यासाठी काही वेगळं आहे का?"

"तुमचं काय, सर! तुमचं तर सगळ्यात सोपं. दोन दिवस आराम करा."

मी विचारलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण नंतर प्रत्येकाने मला हेच विचारलं की तुम्ही विचारलं नाही का? विचारलं होतं. व्हरांडाभर बायकांसमोर, गाऊन घालून, हात वर करून विचारलं होतं.

दवाखान्याच्या फाटकाजवळ निरोधची फुकटची पेटी लटकत असते. इतकी वर्षं मी तिथून इकडेतिकडे बघत पाकिटं उचलत आलो होतो. त्या दिवशी तिच्यासमोरून ताठ मानेने गेलो. घरी आल्यावर बायकोला तेही सांगितलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. रात्री झोपताना ती म्हणाली, "सुटले मी." तिला इतकं निर्धास्त मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांच्या आत, चिकूचा हंगाम सरायच्या आधीच, तिची पाळी चुकली.

आधी आम्ही आठवडाभर वाट पाहिली. मग तिला मळमळायला लागलं आणि वाट पाहण्यात अर्थ उरला नाही. आईच्या लक्षात आलंच. तिने मला विचारलं, "तुझं ऑपरेशन झालं होतं ना नीट?" विचारलं मला, पण बघत होती सुनेकडे. मी आईवर आयुष्यात इतका ओरडलो नव्हतो. बायकोने ताटातला भात तसाच ठेवला आणि उठून गेली. आईच्या त्या नजरेची भरपाई मी अजून करू शकलेलो नाही.

डहाणूतल्या एका खासगी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑपरेशननंतर काय वापरत होतात?" काहीच नाही, मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुरुषाचं ऑपरेशन त्याच दिवसापासून लागू होत नाही. नळीत आधीचं बीज साचलेलं असतं. तीन महिने काळजी घ्यायची, मग तपासणी, तपासणी चांगली आली की मोकळं. बाईचं तसं नसतं. तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

मला संताप आला आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. आशाताईंना गाठलं. त्या आधी वाद घालायला लागल्या आणि मग रडायलाच लागल्या. "सर, तुमच्याआधी मी कधी पुरुष नेलाच नव्हता. आमच्यात कोण येतंय? मला वाटलं सगळं तेच असेल." सिस्टर म्हणाल्या की सर्जन सांगतात असं त्यांना वाटलं होतं. सर्जनांना वाटलं होतं की सिस्टर सांगतात. सगळ्यांना सगळं वाटलं होतं. कुणाचंच काही गेलं नाही. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन मोटारसायकलला लाथ मारली, त्यात माझाच पाय सुजला.

पुरुषाला पुढे यायला सांगणाऱ्या पाट्या जागोजाग लावलेल्या असतात. पुढे आलेल्या पुरुषाला काय सांगायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. त्याला बायकांच्या रांगेत बसवतात, बायकांचं सांगतात आणि बायकांसारखं घरी पाठवतात. भोगायची वेळ आली की ती बाईच्याच वाट्याला.

बायको आज ठीक आहे, हे आधीच सांगतो. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, पण ठीक आहे. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की गर्भ ठेवणं तिच्या जिवाला धोक्याचं आहे, काढावाच लागेल. बायको त्यांना म्हणाली, "मग माझीही नस त्याच वेळी बांधून टाका. आता मला कुणाच्या भरवशावर राहायचं नाही." मी शेजारीच बसलो होतो.

आदल्या दिवशी आशाताई आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी बायकोला सांगितलं, रात्री जेवलात की नंतर काही खायचं नाही, सकाळी चहासुद्धा नाही. बांगड्या काढून यायचं. सैल गाऊन आणायचा. सोबत एक बाई लागते, मी येते. शब्द न् शब्द तोच होता. या वेळी त्यातलं काहीही चुकीचं नव्हतं.

नवा गाऊन आणायला मी बाजारात निघालो, तर बायको म्हणाली, कशाला, आहे ना घरात. दवाखान्यात तिने तो निळ्या फुलांचा गाऊन घातला. बाह्या कोपराच्या खाली आल्या होत्या, घेर जमिनीवर लोळत होता. सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "पेशंट कुठाय?"

बायकोने पायात येणारा घेर दोन्ही मुठींत धरला आणि उठली. "ढगळच पाहिजे होता ना तुम्हाला," ती मला म्हणाली, आणि आत गेली.